शिवलेला गुडघा

आपल्याकडे माणूस जमिनीवर राहतो, हे मला गुडघा गेल्यावर कळलं. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा जमिनीवर. जेवायला मांडी, आम्हा ख्रिस्ती माणसांना प्रार्थनेला गुडघे, भांड्यांना आणि परसाकडे उकिडवं. आणि माझ्या कामात तर बाळंतीणही जमिनीवरच. मी नर्स आहे. राजूरच्या एका लहान दवाखान्यात होते. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन बाळंतपणं करणं हे माझं काम.

ज्यांचा गुडघा असा आतून तुटला आहे आणि ज्यांना ऑपरेशन सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. धीर देणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मला जे कुणी सांगितलं नाही तेवढंच मी सांगणार.

बांध

थंडीचे दिवस होते. भात झोडून झालं होतं आणि खाचरं कोरडी पडली होती. वरच्या वाडीत एक बाळंतपण आटोपून मी दुपारी उतरत होते. पोचवायला त्या घरातला म्हातारा धोंडू माझी पिशवी घेऊन पुढे चालला होता. एका बांधावरून मी खाली उडी टाकली. उडी कसली, हातभर उंचीचा बांध. रोज अशा कितीतरी टाकायची. पाऊल भेगेत अडकलं आणि बाकीची मी वळले. ओलं फडकं फाडावं तसा आवाज झाला.

"काय मोडलं, बाई?" धोंडूने लांबून विचारलं. इतका तो आवाज स्पष्ट होता.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "मुरगळलाय. शेकत राहा." सासूबाईंनी आंबेहळद उगाळून लावली. पायाला मीठ बांधून माणूस उभा करणारा एक हाडवैद्य आला, त्याने पाय असा काही ओढला की मी त्याच्या अंगावर ओकले. सूज उतरली. मी कामाला लागले. आणि मग तो प्रकार सुरू झाला, ज्याला डॉक्टरी पुस्तकात काय म्हणतात ते असो, मी "निसटणं" म्हणते. चालता चालता गुडघा आपला नसल्यासारखा बाजूला जायचा. दुखायचंही नाही. नुसती जमीन काढून घेतल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तो निसटला तेव्हा माझ्या हातात एक तान्हं मूल होतं. मी पाठीवर पडले, मूल छातीशी तसंच राहिलं, रडलंसुद्धा नाही. पण त्याच्या आईने धावत येऊन ते माझ्या हातून हिसकून घेतलं. जिचं मूल मी आदल्या दिवशी या जगात आणलं होतं, ती माझ्याकडे असं बघत होती, जसं विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या वेड्याकडे बघावं. डॉक्टर म्हणाले, "नगरला जाऊन या."

नगर

जर्मनीशी लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मला तेवढं बसू दिलं, आणि ढकलणारे सगळे मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होते.

ज्या मिशनच्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकले आणि पुढे शिकवलंही, त्याच दवाखान्यात गेले. तिथले गोरे सर्जन पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलत. त्यांनी मला टेबलावर निजवलं, गुडघा वाकवला, पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि कपाटाचा खण ओढावा तशी पुढे ओढली. ती आली. आपल्याच पायाचं हाड असं सरकताना मी पाहिलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

"आतला दोर तुटलेला आहे," ते म्हणाले. "मांडीतून पट्टी काढून नवा दोर करू. मी हे फार वेळा केलेलं नाही. आपण काय काम करता?"

"बाळंतपणं."

"टेबलावर?"

"जमिनीवर, साहेब. डोंगरात."

त्यांनी माझी पोटरी सोडली. मग हात धुवायला वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "आपण चालाल."

मी ते वाक्य प्रसादासारखं पदरात घेतलं. माझे यजमान भास्करराव राजूरच्या शाळेत मास्तर आहेत, ते बरोबर होते. त्यांनाही बरं वाटलं. चालणार म्हणजे सगळं आलं, असं आम्हा दोघांना वाटलं. तुम्हाला कुणी "चालाल" म्हणालं तर तिथेच थांबवून विचारा: वाकेल किती? उकिडवं बसता येईल का? डोंगर उतरता येईल का? उत्तर देववत नसेल तर त्यांना निदान तोंड फिरवू देऊ नका.

प्लास्टर

भुलीच्या ईथरचा वास आठवला की अजून माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ते भुकेचं नव्हे. जाग आली तेव्हा जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. पायाच्या जागी कुणी ओला खांब बांधून ठेवला होता.

नर्स आजारी पडली की तिला दुहेरी शिक्षा होते. मला सगळं कळत होतं. सकाळी किती वाजता शौचाचं भांडं येणार, कोणती सिस्टर ते गरम पाण्याने धुऊन आणणार आणि कोणती तशीच थंडगार सरकवणार. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आता माझी चादर बदलत, आणि बदलताना मला "ताई, जरा वर व्हा" म्हणत. त्यातल्या एकीने भांडं माझ्याखाली विसरून ठेवलं आणि जेवायला गेली. मी हाक मारली नाही. का मारली नाही ते आजारी पडल्याशिवाय कळणार नाही.

शेजारच्या खाटेवर बेलापूरकडची कौसाबाई होती. तिचा उजवा हात उसाच्या चरकात सापडला होता, मनगटापासून पुढे उरला नव्हता. प्लास्टरच्या आत खाज सुटली की माणूस वेडा होतो. तिथवर माझा हात पोचत नसे. तिने माझ्याकडून विणायची एक लांब सुई मागून घेतली आणि म्हणाली, "नर्सबाई, आसं करू. तुमी माजी येनी घाला, मी तुमचा पाय खाजवते."

रोज दुपारी आमचा हा व्यवहार चाले. ती डाव्या हाताने सुई आत सरकवायची आणि विचारायची, "हितं? का खाली?" त्या वॉर्डात मी हसले असेन तर तेवढ्या वेळात. ती घरी गेली तेव्हा तिचा नवरा न्यायला आला नाही, भाऊ आला. जाताना ती मला म्हणाली, "एका हातानं भाकरी थापता येत न्हाई वो. बाकी समदं येतं. पन त्यो भाकरीचंच बोलतो."

मग सर्जनसाहेबांना लढाईवर बोलावणं आलं. ते माझ्या खाटेशी आले, प्लास्टरवर टकटक केलं, "उत्तम" म्हणाले आणि गेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं, "हे कधी काढायचं?"

"ज्यांनी घातलं त्यांनी काही सांगून ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "अशा कामात घाई नको. जास्त राहिलं तर बिघडत नाही."

बिघडतं. हे मी ठासून सांगते. पाय प्लास्टरात असताना मांडीचा स्नायू आतल्या आत आवळत राहायचं असतं, दिवसभर, आठवेल तेव्हा, हे मला नंतर दुसऱ्याच एका डॉक्टरांकडून कळलं. मला सगळे म्हणत होते, पडून राहा. मीही इतरांना आयुष्यभर तेच सांगत आले होते. मी पडून राहिले, आणि आत पाय सुकत गेला.

प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेली वस्तू पाहून मी म्हटलं, हा माझा नाही. शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखी मांडी. मधे गुडघ्याची गाठ. कातडीचे पापुद्रे निघत होते. डॉक्टर खूश होते. त्यांनी पोटरी ओढून पाहिली. हाड सरकलं नाही. "पाहिलंत? घट्ट बसलाय."

घट्ट बसला होता खरा. वाकतच नव्हता.

ओढाताण

पुढचे दिवस ओढण्याचे. पलंगाच्या काठावर बसायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची आणि पाय लोंबू द्यायचा. एक दांडगी सिस्टर येऊन वरून दाबायची. मी चावण्यासाठी टॉवेलचा बोळा तोंडात धरायची. थोडा वाकायचा, सकाळी पुन्हा लाकूड. तरी वाकला. खुर्चीवर बसण्याइतका वाकला, आणि तिथे थांबला. आजतागायत तिथेच आहे.

यजमान एकदा भेटायला आले, मनूला घेऊन. आमची मुलगी तेव्हा लहान होती. मी दोन्ही हात पुढे केले तर ती त्यांच्या धोतरामागे गेली. माझ्या बगलेतल्या कुबड्यांना ती घाबरली असावी, असं हे म्हणाले. मी कुबड्या पलंगाखाली सरकवल्या. तरी ती आली नाही.

"माझी आई कंटाळली आहे," हे म्हणाले. "पाणी मीच भरतो आता. पाणवठ्यावर बाया हसतात."

"हसू द्यात."

"तुला काय होतंय म्हणायला? तू इथे पलंगावर आहेस."

माणूस वाईट नव्हता. दमला होता. पण दमलेल्या माणसाचे शब्द जास्त लागतात, कारण ते त्याने ठरवून काढलेले नसतात.

घर

काठी टेकत राजूरला उतरले, ती सरळ दवाखान्यात गेले. माझ्या टेबलाशी एक अनोळखी नर्स बसली होती. तिने उठून मला पेशंट समजून बाकावर बसायला सांगितलं.

डॉक्टर गोंधळले. "मास्तरांनीच येऊन सांगितलं की तुम्ही काम सोडलंय. पाय असा, मुलगी लहान... मला वाटलं, तुमच्याशी बोलूनच ठरलं असेल."

घरी आल्यावर मी यांना विचारलं, "माझ्या वतीने तुम्ही कसं सांगितलंत?"

"तुझ्या भल्यासाठी."

"मला विचारून भलं करता आलं नसतं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

"नाही."

"मग?"

यांच्या दृष्टीने तिथे विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो अजूनही संपलेला नाही. हे वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

मात्र हेही लिहिलं पाहिजे: मला चुलीपुढे बसता येत नाही हे पाहिल्यावर याच माणसाने सुट्टीच्या दिवशी धोतर खोचून, चिखल तुडवून, कमरेएवढा ओटा बांधला आणि त्यावर चूल घातली. शेजारच्या बाया बघायला आल्या. "नर्सबाई उब्यानं भाकरी थापत्यात!" एक म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. सासूबाई महिनाभर कुरकुरल्या की उभ्याने रांधलेलं अंगी लागत नाही. परसाकडे जाण्याची सोय म्हणून यांनी बूड काढलेली एक खुर्चीही करून दिली. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही, पण ज्यांना ऑपरेशन करायचंय त्यांनी ती आधी करून घ्यावी. हजार आशीर्वादांपेक्षा ती कामाला येते.

डोली

पावसाळा सरला होता. एका सकाळी दारात धोंडू उभा. मागे दोन तरणे गडी, खांद्यावर बांबूला बांधलेली घोंगडी.

"थोरली सून आडलीया, बाई. नवी नर्स येत न्हाई म्हन्ती. डोंगर तिला जमत न्हाई."

"मला तरी कुठे जमतोय?" मी म्हटलं.

"तुमाला चालायचं न्हाई. आमी हाय ना."

हे शाळेला निघाले होते. म्हणाले, "जायचं नाही. तिथे जाऊन करशील काय? खाली बसता येत नाही तुला."

मी पिशवी उतरवली. ती खुंटीवर इतके दिवस तशीच होती, आणि मनूने तिच्यात चिंचोके भरून ठेवले होते. चिंचोके काढले, कात्री आणि दोरा उकळून घेतला आणि डोलीत बसले. हे दारात उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही आणि हातही दिला नाही.

वाडीतलं घर म्हणजे एकच खण, अर्ध्यात गुरं. सून भुईवर, अंधारात. मी काठी टेकून वाकून पाहायचा प्रयत्न केला. पोचेना. उजवा पाय ताणून बाजूला टाकून बसावं तर पुढे सरकता येईना. तपासायला हात पुरेना. आणि ती माझ्याकडे बघत होती. बाई आली, आता सुटले, अशा नजरेने.

"दार काढा," मी म्हटलं.

"आं?"

"फळ्यांचं दार उचकटून काढा आणि त्या गव्हाणीवर आडवं टाका. हिला वर घ्या."

तिची सासू पुढे झाली. "दारावर? बाई, दारावर मढं निजवत्यात!"

"खाली राहिली तर तिला दारावरच निजवाल," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण बोलले.

धोंडूने स्वतः दार काढलं. गुरं बाहेर नेली. सुनेला वर घेतल्यावर ती माझ्या कमरेएवढी आली आणि मला माझे हात परत मिळाले. मूल पायाळू होतं. एका पायावर भार देऊन, पोट गव्हाणीच्या कडेला टेकवून मी काम केलं. कडा पोटात रुतत होती. दुपार टळली तेव्हा मुलगी सुटली, निळसर, आणि पाठ चोळल्यावर ओरडली. गव्हाणीवर बाळ जन्मलं म्हणून देवदूत वगैरे कुणी आले नाहीत. माशा आल्या.

तरी मी सांगते, त्या दिवसाइतकं सुख मला ऑपरेशननंतर कधी मिळालेलं नाही.

मग उतरताना, डोलीत, गुडघा फुगत गेला. गडी जपून चालत होते, पण उताराला प्रत्येक पावलागणिक घोंगडी हिंदकळायची आणि माझ्या गुडघ्यात सुरी फिरायची. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी पुसलंही नाही. धोंडू बाजूने चालत होता. त्याने पाहिलं. त्याने गड्यांना थांबवून आपली घडी केलेली पासोडी माझ्या गुडघ्याखाली ठेवली.

आता

दवाखान्यात मला पुन्हा घेतलं आहे, पण स्टुलावर बसून करायच्या कामाला. पट्ट्या गुंडाळायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. "दवाखान्याला न कळवता गेलात, बाई दगावली असती तर?" असं डॉक्टर आधी बोलले, आणि मग हे काम दिलं.

पाय किती चालतो, हे खरं खरं सांगते. बाजारपेठेतून ओढ्यापर्यंत आणि परत, काठीशिवाय. पायऱ्या चढते, चांगला पाय आधी टाकून. उतरताना उलट. डोंगर चढता येतो, रडतखडत. उतरता येत नाही. धावता येत नाही. मांडी नाही, उकिडवं नाही. प्रार्थनेला सगळे गुडघे टेकतात तेव्हा मी मागे भिंतीशी उभी राहते, आणि नवे आलेले मला गर्विष्ठ समजतात. गुडघा मात्र निसटत नाही. सर्जनसाहेबांनी शिवलेला दोर घट्ट आहे. त्यांनी दिलेला शब्द पाळला आहे, मी चालते.

परवाच्या बाजाराला धोंडू दिसला. हिरड्याचं गाठोडं घेऊन बसला होता. मी नातीची चौकशी केली. ती गव्हाणीवरची मुलगी आता रांगते, म्हणाला. मग गाठोड्याची गाठ सोडता सोडता म्हणाला, "धाकली सून गेली, बाई. मूलबी गेलं."

"कशाने?"

"आडली व्हती. दोन दिस."

बाजारात गलका होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अरे, मग मला का नाही बोलावलंस? डोली होती, गडी होते..."

"निघालो व्हतो," धोंडू म्हणाला. "तीच न्हाई म्हनली. थोरलीच्या बारीला तुमी डोलीत रडत व्हता, ते म्याच घरात सांगितल्यालं. ती म्हनली, बाईचा पाय लई दुखतो, माज्यासाटी त्यांना तरास नगं. हुईल म्हनली आपसूक." तो हिरड्यांवरून हात फिरवत राहिला. "आता कसा हाय पाय?"

सकाळपासून उभी होते. गुडघा ठणकत होता.

"बरा आहे," मी म्हटलं. "अगदी बरा झाला. वर सगळ्या वाड्यांना सांग, धोंडू. नर्सबाईंचा पाय आता दुखत नाही."